जहाजाच्या झडपांमागे सौंसरला

युद्धनौकेच्या कामासाठी मी सौंसरला जाऊन आलो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे. सौंसर मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. नागपूरच्या वर, संत्र्यांच्या आणि कापसाच्या मुलखात. तिथल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. तेव्हा ‘नौदलाचं जहाज आणि सौंसर?’ असं विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. मीही हाच प्रश्न घेऊन गेलो होतो, फक्त माझ्या विचारण्यात जरा जास्त विष होतं.

माझी नोकरीच संशयाची. मुंबईच्या एका गोदीत नौदलाची जहाजं बांधतात, तिथे बाहेरून येणारा माल मी तपासतो. लोकांना वाटतं जहाज बांधणं म्हणजे लोखंड कापणं आणि जोडणं. ते आम्हाला जमतं. जमत नाही ते सगळ्यांनी मिळून एकच जहाज बांधणं. आमचं हे जहाज वाजतगाजत पाण्यात सोडलं, नारळ फुटले, बँड वाजला, पेढे वाटले. आत मात्र ते रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. खलाशांच्या खोल्यांतल्या पडद्यांच्या सळ्या येऊन पडल्या होत्या आणि ज्या यंत्रांवर जहाज चालायचं त्यांच्या पायाचे नकाशे अजून बदलत होते. आधी कळस मग पाया, तसला प्रकार. एखादी खोली पत्रे जोडून, रंग देऊन तयार व्हायची, मग तिच्यात बसायचं यंत्र यायचं ते दारापेक्षा मोठं. भिंत कापा, यंत्र घाला, भिंत जोडा. वरातीमागून घोडं आलं तर निदान परत पाठवता येतं, इथे घोड्यासाठी मांडव उसकटावा लागायचा.

उशीर कोणाचा, यावर मात्र कामापेक्षा जास्त मेहनत व्हायची. नकाशेवाले खरेदी विभागाकडे बोट दाखवायचे, खरेदीवाले नकाशेवाल्यांकडे, नौदलाचे अधिकारी दोघांकडे. सगळ्यांचं एकमत व्हायचं ते फक्त बाहेरच्या कारखानदाराला शिव्या देताना.

त्या वर्षी असा बाहेरचा कारखानदार म्हणजे सौंसरचे पुंडलिकराव कामडे. जहाजाची यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात. ते ज्या झडपांमधून येतं त्या कांशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील मिळून झालेल्या, ओतीव असतात. पूर्वी त्या परदेशातून यायच्या. मग देशातच करायचं ठरलं, आणि मागास भागातल्या उद्योगांना सवलत होती म्हणून काम या छोट्या ओतकामाच्या कारखान्याकडे गेलं. पहिली खेप अशी आली की मी दोष शोधून दमलो. दुसऱ्या खेपेत मात्र काही झडपा चोख आणि काहींत नको तितकं जस्त. जस्त म्हणजे पितळेची भेसळ. खारं पाणी पितळेतलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं आणि झडप बाहेरून धडधाकट दिसत आतून पावासारखी भुसभुशीत होते. अशी झडप भर समुद्रात, जहाजाच्या पोटात फुटली तर खाली ड्यूटीवर असलेल्या पोरांनी कुठे पळायचं?

महाग कांशात स्वस्त पितळ. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला काही शंकाच उरली नव्हती.

“चोर आहे का बघून ये,” आमचे विभागप्रमुख म्हणाले. “असला तर बरंच आहे.”

ते ‘बरंच’ मला कळलं. चोर सापडला असता तर काम रद्द झालं असतं, झडपा पुन्हा परदेशातून मागवल्या असत्या, जहाज आणखी रखडलं असतं. पण आजवरच्या सगळ्या उशिराला एक नाव मिळालं असतं, आणि ते आमच्यापैकी कोणाचं नसतं. मला ते पटलं नाही. तरी चोर सापडणार याची खात्री मलाही होती, हे इथे लिहायला हरकत नाही.

पांढुर्णा

तपासणीला कधी पुढच्या दाराने जाऊ नये, हा माझा जुना नियम. कामड्यांना मी कळवलं होतं की नागपूरला उतरून बसने येतो. प्रत्यक्षात नागपूरला गाडी बदलली, इटारसीच्या रुळावर पुढे गेलो आणि पांढुर्ण्याला उतरलो. तिथून सौंसरची बस धरली की मी पाठीमागून, न सांगता हजर.

डिसेंबरची थंडी होती. स्टँडसमोरच्या हॉटेलात पोहे मागितले तर त्यावर लालभडक तर्री ओतून समोर आले. आम्ही कोकणातली माणसं, पोह्यांवर ओलं खोबरं बघायची सवय. पहिल्या घासाला कानातून वारा गेला. हॉटेलवाला गल्ल्यावरून माझी गंमत बघत होता.

“कोणाकडे जाऊन राहिले साहेब?”

“कोणाकडे नाही. असाच फिरायला आलो.”

“फिराले? पांढुर्ण्याले?” तो माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, आणि तिथून पुढे माझ्याशी अगदी मोजकं बोलला. मी गेल्यावर त्याने काउंटरवरची बरणी आत ठेवली असावी. मला विक्रीकरवाला समजला असणार. संशयी माणसाकडे दुसऱ्याने संशयाने पाहिलं की फार अपमान वाटतो, हा अनुभव मला नवा होता.

बस जाम नदीच्या कडेने निघाली. शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी नदीकडे बोट करून सांगितलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या पाण्यात मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडचा काठ पांढुर्ण्याचा, पलीकडचा सावरगावचा. दोन्ही काठांवरून दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. झेंडा आणायला जो जाईल त्याचं डोकं फुटतं.

“आणि झाड?” मी विचारलं.

“झाड उभंच राहते जी. त्याले कोण विचारते.”

मला आमची गोदी आठवली. एका काठावर नकाशेवाले, दुसऱ्यावर खरेदीवाले, मध्ये पाण्यात उभं जहाज. फरक एवढाच की इथले लोक वर्षातून एकदा मारतात आणि संध्याकाळी थांबतात.

“तुमी कोठी चालले?” गृहस्थांनी विचारलं.

“सौंसर. संत्र्याचा व्यापार आहे माझा.”

“असं का. मंग यंदा आंब्या बहाराचं फळ बारीक काऊन राहिलं?”

मी खिडकीबाहेर बघितलं. आंबा आणि संत्र्याचा काय संबंध, तेच मला माहीत नव्हतं. (नंतर कळलं. आंब्याला मोहोर येतो त्याच दिवसांत संत्र्याला जो फुलोरा येतो, तो आंब्या बहार.) गृहस्थ हसले नाहीत, पण पागोटं जरा मागे सरकवून म्हणाले, “तुमी बगीचेवाले नाही. तुमी जहाजवाले साहेब. कामडेभाऊ म्हणत होते, साहेबानं नागपूरकडून येतो म्हणून सांगितलं, म्हणजे पांढुर्ण्याकडून येतीन.”

उरलेला रस्ता मी झोपेचं सोंग घेऊन काढला. माझं मन असं ओळखणारा माणूस प्रामाणिक असणं शक्यच नाही, असं मला वाटत होतं.

सौंसर

स्टँडवर कामडे स्वतः उभे. पांढरा शर्ट, पायात चपला, हाताच्या पाठीवर ओतकामवाल्यांच्या असतात तसे भाजल्याचे डाग. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि “नागपूरची बस चुकली का?” असं अगदी निरागसपणे विचारलं. मी “हो” म्हणालो. दोघंही खोटं बोललो आणि चहा प्यायला गेलो.

कारखाना गावाच्या कडेला, कापसाच्या शेतांना लागून. कामड्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. वडील सरकी काढायच्या यंत्रांचे भाग ओतायचे, अधूनमधून देवळाच्या घंटाही, आणि त्याआधीच्या पिढीत घंटा, टाळ, देवपूजेची भांडी. मी सगळं पाहिलं. तांबं वेगळं, कथील वेगळं, दोन्ही चोख. मूस, म्हणजे धातू वितळवायचं ते मोठं भांडं, स्वच्छ. भट्टीवर दौलत गजभिये नावाचा पन्नाशीचा माणूस होता. विचारलं तेवढंच उत्तर देणारा. असली माणसं मला आवडत नाहीत, त्यांच्या तोंडून काही निसटत नाही.

कुठेच काही सापडेना. मग वाळूच्या ढिगामागे पाय लागून काहीतरी खणकन वाजलं. उचललं तर समईचा तुटका खांब. पितळेचा.

“हे काय?”

“पडलं असन कोणाचं,” कामडे म्हणाले. पण माझ्याकडे न बघता, दौलतकडे बघून.

तेवढ्यात गेटापाशी बायका दिसल्या. चार-पाच जणी, प्रत्येकीच्या हातात काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. कामड्यांनी लांबूनच हाताने खूण केली आणि त्या वळल्या. एक म्हातारी तेवढी वळली नाही. पदराखाली दोन्ही हात धरून ती आमच्याकडे बघत उभी राहिली. दौलत तिच्यापाशी जाऊन काही बोलला, तेव्हा ती सावकाश निघून गेली.

कुठेतरी पाणी मुरत होतं. गावातली चोरीची, मोडीची पितळ बायका इथे आणून विकतात, ती रात्रीतून मुशीत जाते आणि वाचलेलं कथील बाजारात. सगळी गोष्ट माझ्या डोक्यात तयार झाली. मी विचारलं, “पुढचं ओतकाम कधी?”

“परवा सकाळी. उद्या तुमी रामाकोन्याले चला. काकाचा बगीचा हाय, तोडा चालू हाय. साहेब लोक इतक्या दूर येते आणि संत्रं न खाता जाते, हे काही बराबर नाही.”

मला भट्टीपासून दूर न्यायचा बेत होता हे उघड होतं. मी येतो म्हणालो, पण जायच्या आधी धातूच्या कोठीला माझं स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. कामडे म्हणाले, “लावा जी.” दौलतने कुलपाकडे बघत हात धुतले, आणि जाता जाता म्हणाला, “आमच्या घराले कडीबी नाही साहेब. पण लावा.”

जेवण कामड्यांकडेच. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. वहिनींनी इतका आग्रह केला की मला त्याचाही संशय आला. आमच्याकडे पाहुण्याला “घ्या हं” म्हणतात आणि भांडं झाकतात. इथे ताटावर हात धरला तर भाकर हातावर ठेवतात.

रामाकोना

सौंसरहून छोट्या रुळाच्या गाडीने निघालो. ही गाडी इतकी सावकाश जाते की बाहेर चालणाऱ्या माणसाशी गप्पा मारता येतात, आणि मारतातही. दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, फळांनी वाकलेली. मुंबईत आम्ही एक संत्रं सोलून चौघांत वाटतो. इथे झाडाखाली बसल्या बसल्या कोणीतरी ओंजळभर पुढे टाकलं, आणि अर्धवट खाऊन दुसरं घेतलं तरी कोणी बघत नव्हतं.

दुपारी शेतातच रोडगे झाले. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवायचे, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. तोपर्यंत मी तर्रीला सरावलो होतो. आजूबाजूला तोड्याची, म्हणजे फळं उतरवणारी माणसं, कामड्यांचे नातेवाईक, असं बरंच मंडळ जेवायला बसलं होतं. कामड्यांचे काका, ऐंशीच्या घरातले, माझ्या शेजारी. त्यांनी बराच वेळ मला न्याहाळलं आणि मग कानाशी येऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“साहेब, माह्या बायकोचा तांब्या जहाजाले कोण्या बाजूले लागला?”

जेवणारे हात थांबले. कामड्यांच्या हातातला रोडगा ताटात पडला.

“कुठला तांब्या?” मी विचारलं.

“पितळेचा. तिच्या माहेरचा. ती गेली, मंग म्हटलं घरी ठेवून काय करतो, देशाच्या कामी पडन. पुंडलिकानं टाकला ना मुशीत, माह्या डोयासमोर. पाण्याच्या बाजूले लागला का वरतं?”

मी कामड्यांकडे बघितलं. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तेव्हा पाहिलं.

नंतर आम्ही दोघं झाडांमधून चालत दूर गेलो. तिथे कामड्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे देवळाची घंटा ओतायची असली की चाल अशी, की गावातल्या प्रत्येक घराने धातूचा एखादा तुकडा आणून मुशीत टाकायचा. फुटका दिवा, जुनी वाटी, झिजलेलं पैंजण. घंटा वाजली की तिच्यात आपल्या घराचा आवाज असतो. पहिली खेप ओतली तेव्हा झडपा कशासाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ती पास झाल्यावर कामड्यांनीच आनंदाने गावभर सांगितलं, की आपलं काम नौदलाच्या जहाजावर लागलं. दुसऱ्या खेपेच्या ओतकामाला लोक फडक्यात बांधून वस्तू घेऊन गेटावर उभे. तेव्हापासून ओतकाम नसलेल्या दिवशीही कोणी ना कोणी येतच होतं.

“आणि तुम्ही टाकू दिल्या?”

“देवळाच्या घंटेत चालते, मंग...” ते थांबले. “मले वाटलं, चिमूटभर पितळेनं काय होते. सारे एकाच बारीले थोडीच आले. ज्या दिवशी लोक आले त्या दिवशीचा माल तुमी नापास केला असन.”

“नाही म्हणता आलं नसतं?”

“माह्या बापानं म्हटलं होतं नाही,” कामडे म्हणाले. “इथल्याच देवळाची घंटा होती. दौलतची माय, सुभद्राबाई, तवा नवी नवरी होती. सारं गाव धातू देऊन राहिलं म्हणून तीबी गडवा घेऊन आली.” गडवा म्हणजे आपला तांब्या. “बापानं सांगितलं, तुमच्या वस्तीतली पितळ देवाच्या घंटेत नाही चालत. साऱ्याइच्या समोर सांगितलं. ती गडवा घेऊन परत गेली. मी तिथीच उभा होतो, एवढासा. आता जहाजाले देव बी नाही न जात बी नाही. मी म्हटलं, ज्याले आणायचं त्यानं आणा. मले कोणालेच नाही म्हणायचं नव्हतं, साहेब.”

गोष्ट इतकी चांगली होती की मला तिचाच संशय आला. मुंबईहून आलेल्या माणसाला सांगायला याहून बरी सबब कोणाला सुचली नसती. कामडे बनवत असतील तर उद्या भट्टीवर कळेल, असं ठरवून मी परतीच्या गाडीत बसलो. लोधीखेड्याचा एक संत्रीवाला समोर बसला होता. त्याने न विचारता माझी पिशवी फळांनी भरली, आणि मी आपला त्याचंही काय काम असेल याचा अंदाज बांधत राहिलो.

पुन्हा सौंसर

सकाळी कोठीचं कुलूप मीच उघडलं. माझ्या देखत तांबं, कथील मुशीत गेलं. भट्टी पेटली. आणि गेटावर माणसं जमायला लागली. त्या दिवशी ओतकाम आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हातांत फडकी, कनवटीला काहीबाही. ती म्हातारीही आली, पदराखाली हात.

“तुमीच सांगा त्याइले,” कामडे म्हणाले. “माह्यानं होत नाही.”

मी बोलायला उभा राहिलो. गोदीत मी लोकांना फार सहज नापास करतो. समोर यंत्र असतं, आकडा असतो. इथे माणसं होती. मी सांगितलं की समुद्राचं पाणी खारट असतं, ते पितळ आतून खातं. जहाजाच्या पोटाला झडपेसाठी भोक असतं, झडप फुटली तर समुद्र आत येतो आणि खाली काम करणारी मुलं बुडतात. म्हणून झडपेत ठरलेल्याखेरीज काही पडता कामा नये, एक पैंजणसुद्धा.

एका बाईने विचारलं, “म्हणजे आमी देलं, त्यानं जहाज बुडलं असतं?”

‘तसंच काही नाही’ असं म्हणायची मला फार इच्छा झाली.

“हो,” मी म्हणालो.

ती बाई खाली बसली. दुसरी कोणी तोंडाला पदर लावला. त्यांनी घरातली सर्वांत जपलेली वस्तू दिली होती, आणि मी त्यांना सांगत होतो की ते विष होतं. त्या क्षणी मला आमच्या विभागप्रमुखांचा, त्या ‘बरंच’चा आणि स्वतःचाही मनापासून राग आला. भेसळखोर सापडला असता तर किती सोपं होतं.

ती म्हातारी म्हणजेच सुभद्राबाई. त्या पुढे आल्या. अंगाने वाळलेल्या, आवाज मात्र ठणठणीत.

“माहं टाकायचं राह्यलंच होतं. दर बारीनं दौलत म्हणे, पुढच्या बारीले टाकू माय. तवाबी राह्यलं, आताबी राह्यलं. बरं झालं म्हणा.” मग जरा थांबून, “मुशीत नाही टाकत. पण पाहाले थांबलं तर चालते का?”

मी कामड्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. “थांबा,” मी म्हणालो.

सगळे भिंतीच्या कडेने उभे राहिले. मूस लालभडक झाली, दौलतने वरचा मळ काढला. आणि मी? ज्या ओतकामासाठी मुंबईहून इतका लांब आलो होतो, ते सोडून मी त्या म्हातारीच्या पदराकडे बघत होतो. दौलत तिचा मुलगा. मूस तिच्यासमोरून जाणार. एक क्षण पुरे. अनेक वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांत बसलेली आहे, मी तरी काय करणार? ती जराशी हलली की मी हलत होतो.

तिच्या ते ध्यानात आलं. ती भिंत सोडून, सगळ्यांच्या समोरून, सरळ माझ्यापाशी चालत आली. मी तिला अडवायला पुढे झालो. तिने पदराखालून गडवा काढला. जुना, काठाला चेपलेला, पण आतून-बाहेरून चिंचेने घासून पिवळाजर्द केलेला. तो तिने माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

“धरा तुमच्याच हाती,” ती म्हणाली. “मंग तुमाले तिकडे पाह्यता येईन.”

आणि परत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली, हात मोकळे सोडून.

मग मी बघितलं. दौलतने आणि दुसऱ्या एकाने मूस उचलली, तोल सांभाळत साच्यापाशी आणली, आणि धातू एका धारेत, न थांबता, न सांडता वाळूत उतरला. नकाशांवर आणि कागदांवर मी त्या झडपेला शेकडो वेळा पाहिलं होतं, ती होताना पहिल्यांदा पाहत होतो. हातातला गडवा तापला होता, भट्टीच्या झळीने की माझ्या हातांनी कोण जाणे. मला माझी फार लाज वाटली.

साचा निवायला ठेवल्यावर मी गडवा परत द्यायला गेलो. सुभद्राबाईंनी हात मागे घेतले.

“एकदा देवळाच्या घंटेपासून परत घरी आणला होता, साहेब. आता आणखी एकडाव परत नेऊ का?”

मी तो पिशवीत ठेवला.

मुंबई

कामड्यांनी निघताना संत्र्यांची एक पेटी बळेच बसवर चढवली. मी ती कचेरीत वाटली, आणि तीच मला महागात पडली. मी जे पाहिलं ते जसंच्या तसं अहवालात लिहिलं. विभागप्रमुखांनी वाचून चष्मा काढला.

“भक्तीमुळे जस्त वाढलं, असं नौदलाला कळवू?”

“खरं तेच आहे.”

“भेसळ लिही. एक शब्द पुरतो.”

मी लिहिलं नाही. त्या संध्याकाळपासून कचेरीत कुजबुज सुरू झाली, की सौंसरहून एकच पेटी कशी आली, बाकीच्या घरी गेल्या असतील. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पिशव्यांत डोकावलो, आता सगळे माझ्या पिशवीत डोकावत होते. जहाजाच्या उशिराला नाव हवंच होतं. कामड्यांचं मिळालं नाही, तेव्हा काही दिवस माझं चाललं.

कामड्यांचं काम मात्र रद्द झालं नाही. माझ्या अहवालावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर रद्द करायच्या कागदावर कोणी सही करायची यावर दोन विभागांचं एकमत होईना म्हणून. आमच्या कारभाराचा कोणाला कधी फायदा झाला असेल तर तो या एकदाच. तोवर पुढची खेप आली. मी प्रत्येक झडप तपासली. सगळ्या चोख. मग नकाशेवाल्यांनी झडपांची जागा बदलली, भिंत पुन्हा कापावी लागली, ते वेगळं. पण दोन हिवाळ्यांनंतर का होईना, त्या जहाजाच्या पोटात सौंसरच्या झडपा बसल्या, आणि जहाज आपल्या बळावर समुद्रात जाऊन आलं.

त्याच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या तपासणीसाठी खाली उतरलो होतो. गोदीच्या गेटावर बाहेर जाणाऱ्या माणसाच्या पिशव्या तपासतात, आत येणाऱ्याच्या कोणी उघडत नाही. यंत्रांच्या खोलीत, कामड्यांच्या झडपेजवळ, पाळीवरच्या पोरांचं पाणी ठेवायला एक छोटी फळी आहे. तिच्यावर मी गडवा ठेवला. एका खलाशाने पाहिलं, उचलून गोड्या पाण्याने भरला, प्यायला, आणि परत जागेवर ठेवला. कोणाचा म्हणून त्याने विचारलं नाही.

त्या गडव्यात जस्त किती, शिसं किती, मला ठाऊक नाही. जहाजात गेलेली ती एकच वस्तू मी तपासली नाही.